नोजवर उभं राहायचंय? मग आधी टेलकडे बघा

प्रश्न : नमस्कार ताई, मी कॅलिफोर्नियात सॅन होजेला असतो, मूळचा सातारा जिल्ह्यातला. वय ३९, वजन ८२ किलो, उंची ५ फूट ९ इंच. पाच वर्षांपूर्वी सांताक्रूझला कॉवेल्स बीचवर फोमच्या बोर्डवर सर्फिंग शिकलो आणि आता जवळजवळ दर शनिवारी पहाटे हायवे १७ ने तिथे येतोच. सध्या एक सेकंडहँड ९ फुटी बोर्ड आहे, त्यावर लाट मिळते, साधे टर्न होतात, पण पुढे चालायला लागलो की दोन-तीन पावलांत नाक पाण्यात घुसतं आणि खेळ खलास. आता पैसे साठवलेत, खास नोजरायडिंगसाठी, म्हणजे बोर्डच्या नाकावर (नोजवर) उभं राहून लाटेवर जाण्यासाठी, कस्टम लॉंगबोर्ड करून घ्यायचाय. एका शेपरने (बोर्ड घडवणाऱ्या कारागिराने) पुढच्या आठवड्यात भेटायला बोलावलंय पण वाचून वाचून डोक्याचा भुगा झालाय, कोण म्हणतं नोज १९ इंच पाहिजे, कोण म्हणतं कॉन्केव्ह म्हणजे नोजखालचा खोलगट भाग खोल पाहिजे, कोण म्हणतं जड कोण म्हणतं हलका. मी शेपरला नक्की काय सांगू?

उत्तर : आकड्यांचा जो कागद तुम्ही तयार केला असणार (केलाच असेल, सगळे करतात) तो घरीच ठेवा. मी माझा पहिला कस्टम बोर्ड करून घेतला तेव्हा असाच कागद घेऊन गेले होते. स्पर्धेत उतरणाऱ्या एका सर्फरच्या बोर्डची मापं उतरवून घेतलेली, ९ फूट लांब, पातळ, टेलला म्हणजे मागच्या टोकाला धारदार कडा, आणि शेपरने विचारलं कुठे सर्फ करतेस तर मी स्टीमर लेन सांगितलं, कारण नवशिक्यांचं कॉवेल्स म्हणायला लाज वाटली. लेन आणि कॉवेल्स एकाच कड्याच्या दोन बाजूंना आहेत, चालत पाच-दहा मिनिटं, पण लाट म्हणाल तर जमीन-अस्मानाचा फरक. मी खरं तर दहातले नऊ दिवस कॉवेल्सला असायचे. बोर्ड देखणा झाला होता, आणि त्या बोर्डवर दोन वर्षं मी एकदाही नोजवर टिकले नाही. दोन वर्षं मला वाटत राहिलं की माझे पायच वाईट आहेत. शेपरची चूक नव्हती हो, त्याने मी मागितलं ते दिलं.

म्हणून पहिली गोष्ट, खरं सांगा. कुठली लाट, ओहोटीला जाता की भरतीला, वर्षातून किती दिवस, पुढे चालताना नक्की काय होतं. वजन सांगताना ४/३ वेटसूट (४ आणि ३ मिलिमीटर जाडीचा रबरी सूट) घालून आणि तो ओला असताना काय असेल त्याचा अंदाज द्या, सांताक्रूझचं पाणी बारमाही गार, तो सूट अंगावर असणारच आणि ते वजनही बोर्डलाच उचलायचंय. दोन पावलांत नाक घुसतं हे तुम्ही मला लिहिलंत ना, ते वाक्य जसंच्या तसं शेपरला सांगा, त्याच्यासाठी ते १९ इंचांपेक्षा जास्त कामाचं आहे. फोनवर तुमचा एखादा व्हिडिओ असेल, पडतानाचा असला तरी, तो दाखवा.

आता नाक का घुसतं ते बघू, कारण इथेच सगळ्यांची गल्लत होते. आपल्याला वाटतं नोजवर उभं राहायचं म्हणजे नोज मोठा पाहिजे, मग सगळी चर्चा नोजचीच. पण विचार करा, आठ-नऊ किलोचा बोर्ड, त्याच्या एका टोकावर ८२ किलोचा माणूस जाऊन उभा राहतो आणि ते टोक बुडत नाही, हे कसं काय? तुम्ही साताऱ्याकडचे, बैलगाडीत माल भरताना बघितला असेल. पुढे जास्त भरला की गाडी धुरजड होते, बैलांच्या मानेवर जू दाबतं, आणि मागे जास्त झाला की उलाळ होते, जू वर उचललं जातं. नोजवर गेलात की तुमचा बोर्ड धुरजड झाला. त्याला सावरायला मागे कोणीतरी बसायला पाहिजे, आणि ते काम पाणी करतं.

कसं ते घरातच बघता येतं. एक पळी घ्या, दांड्याच्या टोकाला दोन बोटांत सैल लोंबकळत धरा आणि नळाची धार सोडून पळीची फुगीर पाठ त्या धारेला हळूच टेकवा. वाटतं धार पळीला ढकलून देईल, पण होतं उलटंच, पळी धारेत ओढली जाते आणि तुम्ही हात बाजूला नेलात तरी चिकटून राहते. पाणी गोल पाठीला धरून वळतं आणि वळताना पळीला स्वतःकडे खेचतं. नोजरायडरचं टेल म्हणजे ही पळी. टेल रुंद असतं, शेवटाला वर वळवलेलं असतं, ज्याला टेल किक म्हणतात, खालून गोलसर असतं आणि कडा म्हणजे रेल लाटण्यासारखी गोल, कुठे धार नाही. लाटेच्या तोंडावरून वर चढणारं पाणी त्या गोल कडेवरून टेलच्या डोक्यावर येतं, वरून लाटेचा फेस पडतो, आणि टेल खाली दाबून धरलं जातं. झाली गाडी समतोल.

उद्या तुमच्या जुन्या बोर्डच्या टेलखालून, शेवटच्या एक फुटावर, तळवा फिरवून बघा. कडेला बोटाला लागेल अशी धार असेल तर उत्तर तिथेच आहे. त्या धारेवरून पाणी वळत नाही, सुटून जातं, टर्न मारायला ते उत्तम, वेग मिळतो, पण पुढे गेलात की मागे धरून ठेवायला कोणी नाही. टेल किकचा अजून एक फायदा आहे तो कमी लोक सांगतात, ती ब्रेकचं काम करते. नोजरायडिंगला वेग नकोच असतो फार, बोर्ड लाटेच्या फुटणाऱ्या भागाजवळ म्हणजे पॉकेटमध्ये रेंगाळला पाहिजे, तो पुढे सपाट पाण्यावर पळाला की टेलवर पाणी उरत नाही आणि मग कितीही रुंद नोज असला तरी घुसणारच.

नोजचं काम त्यानंतरचं. टोकापासून १२ इंचांवर मोजलेली रुंदी १८ ते १९ इंच ठीक आहे, तुमच्या वजनाला मी १९ कडे झुकेन. खालून पुढच्या दीड-दोन फुटांत उथळ कॉन्केव्ह, पाव इंचाच्या आगेमागे, ताटलीसारखा पसरट. त्यात पाणी दाबलं जाऊन थोडी उचल मिळते हे खरं आहे पण थोडीच, आणि खूप खोल केला तर बोर्ड पुढे अडखळतो, चिकटतो. आणि नोज अगदी सपाट करून घेऊ नका, कॉवेल्सला चालेल पण जवळच्याच प्लेझर पॉइंटला जरा उभी लाट आली की उतरतानाच घुसेल. लांबी ९ फूट ६ इंच किंवा ९ फूट ८ इंच, मधली रुंदी २३ इंच किंवा किंचित जास्त, टेल शेवटापासून १२ इंचांवर १५ इंचांच्या आसपास आणि चौकोनी, जाडी ३ इंच. बाह्यरेषा दोन्ही बाजूंनी जवळजवळ समांतर. हे आकडे मी दिले कारण तुम्ही नाहीतर परत इंटरनेटवर जाल, पण शेपर यातलं काही बदलतो म्हणाला तर बदलू द्या, फक्त का ते विचारा. ज्याला का सांगता येतं त्याच्याकडे पैसे द्यायचे.

एक गोष्ट मात्र तुम्हालाच ठरवायची आहे, टर्न किती सोडायला तयार आहात. हे भांडण जुनं आहे. १९६५ साली व्हेंचुराला टॉम मोरे यांनी नोजरायडिंगची स्पर्धा भरवली होती, बोर्डचा पुढचा पाव भाग रंगवून त्यावर कोण किती सेकंद उभा राहतो ते स्टॉपवॉच लावून मोजलं, मिकी मुन्योझ जिंकले. लगेच पुढच्या वर्षी सॅन डिएगोच्या जागतिक स्पर्धेत नोजरायडिंगचे बादशहा डेव्हिड नुहिवा यांच्यावर सगळ्यांचं लक्ष होतं आणि जिंकले ऑस्ट्रेलियाचे नॅट यंग, पातळ बोर्डवर जोरदार टर्न मारून. त्यानंतर एक-दोन वर्षांत बोर्ड इतके छोटे होत गेले की नोजवर चालणं जवळजवळ दिसेनासंच झालं, ते जोमाने परत आलं नव्वदच्या दशकात. रुंद टेल आणि मऊ कडा म्हणजे टर्न जड, यातून सुटका नाही. तुमच्याकडे जुना ९ फुटी आहेच ना, मग तो विकू नका, टर्नसाठी तो राहू दे आणि हा नवीन बोर्ड मनापासून नोजरायडरच करा. दोन्ही थोडं थोडं जमेल असा बोर्ड मागितलात तर दोन्हीकडे थोडं थोडं अडेल.

शेपरने शेपिंग रूम दाखवली तर नक्की जा, नाही दाखवली तर विचारा, बरेच जण आनंदाने दाखवतात. मी पहिल्यांदा गेले तो प्रसंग डोळ्यासमोर आहे, छोटी खोली, भिंती गडद निळ्या, कमरेच्या उंचीवर दोन्ही बाजूंना ट्यूबलाइट, वर एकही दिवा नाही. उजेड आडवा पडला पाहिजे, म्हणजे फोममधला केसाएवढा उंचवटासुद्धा सावली पाडतो. प्लेनर म्हणजे विजेचा रंधा बंद झाल्यावर शेपर डोळे मिटून दोन्ही तळवे दोन्ही रेलवरून एकदम नोजपासून टेलपर्यंत सरकवत गेला, मध्येच थांबला, डाव्या हाताखाली काहीतरी जाणवलं, जाळीचा सँडपेपर घेऊन तिथे चार हात मारले, परत डोळे मिटून तळवे. मला त्या जागी काहीच दिसलं नव्हतं. शेवटी मधल्या लाकडी पट्टीवर म्हणजे स्ट्रिंगरवर पेन्सिलने मापं, माझं नाव, स्वतःची सही. ती पेन्सिल अजून काचेखाली वाचता येते.

काच म्हणजे ग्लासिंग, फोमवरचं काचतंतूंच्या कापडाचं आणि रेझिनचं आवरण, यात कंजुषी करू नका. नोजरायडर थोडा जड बरा, चालताना डगमगत नाही आणि एकदा गती पकडली की वाऱ्याने खडबडीत झालेल्या पाण्यातही सरळ जातो. वरच्या बाजूला ६ औंसाच्या कापडाचे दोन थर, खाली एक, हे कमीत कमी. वोलन कापड परवडलं तर घ्या, किंचित हिरवट झाक असते, वजन वाढतं, टिकतं छान. पूर्ण बोर्ड १८-२० पाउंडांच्या घरात गेला तरी घाबरू नका.

आणि फिन, म्हणजे टेलखालचं माशाच्या परासारखं पातं. नोजरायडिंगसाठी सगळे पिव्हट फिन सांगतात, सरळ उभा, बुंध्यापासून टोकापर्यंत रुंद, ९ किंवा १० इंची. बरोबर आहे, टेल जागेवर धरायला तो चांगला. पण तुम्ही प्लेझर पॉइंटला जात असाल तर उन्हाळ्याच्या शेवटी तिथे केल्प किती माजतं ते बघितलं असेलच, ते लांब जाड समुद्री शेवाळ सरळ फिनला आडवं येऊन अडकतं आणि बोर्ड जागच्या जागी थांबतो, तुम्ही मात्र नोजवरून पुढे जाता. मागे झुकलेल्या फिनवरून केल्प घसरून जातं. म्हणून फिन बोर्डला कायमचा बसवून घेऊ नका, फिन बॉक्स ठेवायला सांगा आणि दोन फिन घ्या. बॉक्स असला की फिन पुढेमागेही सरकवता येतो, मागे सरकवलात तर टेल जास्त धरून राहतं, पुढे आणलात तर वळायला सोपं.

पैशांचं म्हणाल तर हजार डॉलरच्या बरंच वर जाईल, टिंट म्हणजे रंगीत रेझिन आणि पॉलिश घेतलं तर अजून. अर्धे आधी द्यावे लागतात, थांबावंही लागतं, दोन-तीन महिने सहज. दर आठवड्याला फोन करून कुठवर आलं विचारू नका, शेपिंग झाल्यावर ग्लासिंग, मग सँडिंग, मग पॉलिश, बऱ्याचदा ही कामं वेगवेगळी माणसं करतात आणि रेझिनला सुकायला वेळ लागतोच.

प्रश्न : ताई, मी फ्रीमॉंटला राहते, उंची ५ फूट १ इंच, वजन ५२ किलो. मलाही नोजरायडर हवाय पण ९ फूट ६ इंचाचा बोर्ड माझ्या काखेत मावतच नाही, हात खालपर्यंत पोचत नाही. छोटा करून घेतला तर चालेल का? शेपरने ८ फूट सुचवलंय.

उत्तर : ८ फूट नको. नोजरायडिंगमध्ये मागे जेवढी लांबी तेवढा पाण्याचा हात मोठा, फार छोटा केला की पुढे जायला जागाच राहत नाही. तुमच्या वजनाला ९ फूट २ इंच मस्त होईल, रुंदी साडेबावीस, जाडी पावणेतीन इंच, म्हणजे काखेतही जरा बरा बसेल. ग्लासिंग थोडं हलकं करायला सांगा, वजन तुमच्या मानाने ठरायला हवं.

पण मुख्य म्हणजे काखेत धरायचाच कशाला, डोक्यावर घ्या. आपल्या आया-आज्या चुंबळ ठेवून भरलेले हंडे नेत होत्या, टॉवेलची तशीच चुंबळ करा, बोर्ड मधोमध डोक्यावर, एका हाताने कड धरायची. मी रोज तसाच नेते, कॉवेल्सच्या पायऱ्या उतरतानाही. फक्त वारा असेल तर नोज वाऱ्याच्या दिशेला ठेवा, आडवा धरलात तर बोर्ड तुम्हाला फिरवेल. शेपरला एवढंच सांगा की मला छोटा नकोय, माझ्या मापाचा लॉंगबोर्ड हवाय. बायकांनी ऑर्डर दिली की आपोआप छोटा बोर्ड सुचवायची काही जणांना सवय असते, ती मान्य करायची गरज नाही, केलिया मोनिझ २०१२ आणि २०१३ अशी लागोपाठ दोन वर्षं जागतिक लॉंगबोर्ड विजेती होती आणि स्पर्धेतल्या लॉंगबोर्डला ९ फुटांच्या खाली परवानगीच नाही.

प्रश्न : पीयू की इपॉक्सी?

उत्तर : नोजरायडरसाठी पीयू म्हणजे पॉलियुरेथेन फोम आणि पॉलिएस्टर रेझिन. इपॉक्सी, आत ईपीएस म्हणजे थर्मोकोलसारखा फोम असलेला, हलका आणि धक्क्याला मजबूत असतो पण पाण्यावर जरा उंच तरंगतो, खडबडीत पाण्यात थरथरतो, आणि आपल्याला तर टेल पाण्यात बसायला हवंय. पाठदुखीमुळे वजन उचलता येत नसेल तर इपॉक्सी घ्या, बिनधास्त घ्या, पाठ महत्त्वाची. नाहीतर पीयू.

प्रश्न : गेल्या वर्षी कस्टम नोजरायडर केला, ९ फूट ६ इंच, सगळं तुम्ही सांगता तसंच, टेल गोल, किक, कॉन्केव्ह. तरी नोजवर एक सेकंदही टिकत नाही. बोर्ड बिघडलाय का माझंच काही चुकतंय? शेपरला परत दाखवू का?

उत्तर : दाखवा, पण त्याआधी दोन गोष्टी करून बघा. फिन बॉक्समध्ये पूर्ण मागे सरकवा आणि एक महिना तसाच ठेवा. आणि कोणाला तरी किनाऱ्यावरून व्हिडिओ काढायला लावा, नोजचा नाही, टेलचा. तुम्ही चालायला लागता त्या क्षणी टेलवर पाणी आहे का नाही एवढंच बघायचं. माझा अंदाज, नसेल. बहुतेक लोक लाट मिळाली की लगेच आनंदात पुढे पळतात, तेव्हा बोर्ड अजून लाटेच्या पायथ्याशी असतो, वेगात असतो, मागे धरायला काही नाही. आधी खाली उतरा, वळा, मागचा पाय टेलवर दाबून बोर्ड जरा थांबवा, लाटेला तुमच्यापर्यंत येऊ द्या, ती मागे उभी राहायला लागली आणि टेल जड झाल्यासारखं पायाला कळलं की मग निघा. पाय घासत सरकू नका, एकापुढे एक टाकत चाला, नजर खाली पायांकडे नाही, पुढे लाटेवर.

आणि पुढे गेलात तसं मागेही चालत या. हे कोणी करत नाही. पहिले काही दिवस टोकापर्यंत जाऊच नका, तीन पावलं पुढे आणि तीन पावलं मागे, लाट संपायच्या आत, पडायचं नाही. असं दहा लाटांवर जमलं की चौथं पाऊल टाका, आणि तरीही नाक घुसत राहिलं तर बोर्ड गाडीवर बांधून तो व्हिडिओ घेऊन शेपरकडे जा.